दिसेनासं झालं, पुन्हा दिसलं. तरी विचारायला हवं



शाळेतून आलेलं मूल दप्तर टाकतं आणि म्हणतं, "आई, मला नीट दिसत नाहीये." तुमच्या पोटात गोळा येतो. डोळ्यांवर पाणी मारलं जातं, मुलाला पंख्याखाली झोपवलं जातं, आणि अर्ध्या तासाने ते उठून सांगतं, "आता दिसतंय." सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. ऊन लागलं असेल, मोबाइल जास्त पाहिला असेल, कुणाची तरी दृष्ट लागली असेल, असं म्हणून विषय त्याच रात्री संपतो.

मला तुमच्याशी त्या रात्रीबद्दलच बोलायचं आहे. दृष्टी परत आली याचा आनंद जरूर माना, पण ती गेली का होती हा प्रश्न सोडू नका. मुलांना तात्पुरतं दिसेनासं होण्यामागची बरीच कारणं साधी असतात. काही मात्र अशी असतात, की वेळेवर ओळखली तर मूल बरं होतं आणि दुर्लक्ष झालं तर पुढच्या खेपेला गेलेली दृष्टी परत येत नाही. यातलं कोणतं कारण आहे, हे घरी बसून ठरवता येत नाही.

आमची डोळ्यांच्या डॉक्टरांची अडचण अशी, की मूल आमच्यासमोर येईपर्यंत बहुतेक वेळा सगळं पूर्ववत झालेलं असतं. तक्त्यावरची शेवटची ओळ ते घडाघडा वाचतं. अशा वेळी सगळी मदार असते ती तुम्ही सांगितलेल्या हकिगतीवर. ती नीट सांगता आली, तर निम्मं निदान तिथंच होतं.

म्हणून असं कधी घडलंच, तर आधी स्वतःला सावरा आणि एक गोष्ट तपासा: एका डोळ्याने दिसत नाही, की दोन्ही डोळ्यांनी? हे मुलांना सांगता येत नाही, मोठ्यांनाही चकवतं. दृष्टीचं केंद्र मेंदूच्या मागच्या भागात असतं. त्याच्या डाव्या बाजूला बिघाड झाला, तर दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसत नाही. मूल मात्र म्हणतं, "माझ्या उजव्या डोळ्याला दिसत नाही." तेव्हा तळहाताने आधी एक डोळा झाका, मग दुसरा, आणि प्रत्येक वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख विचारा. एकाच डोळ्याला दिसत नसेल, तर दोष त्या डोळ्यात किंवा त्याच्या नसेत शोधावा लागतो. कोणताही डोळा झाकला तरी तेवढंच दिसेनासं होत असेल, तर विचार मेंदूकडे वळतो. या अर्ध्या मिनिटाच्या तपासणीला तोड नाही, आणि ती करायला त्या क्षणी तुमच्याशिवाय तिथं कुणी नसतं.

मग घड्याळ बघा. सेकंद, मिनिटं की तास, यावर पुढचा सगळा विचार अवलंबून असतो. काळोख झाला, पांढरं धुकं आलं, चमकत्या रेषा दिसल्या की रंगीत गोळे दिसले, हे मुलाला त्याच्या शब्दांत सांगू द्या. तुमचे शब्द त्याच्या तोंडी घालू नका. आणि जमलं तर मोबाइलवर त्याचा चेहरा, डोळे, हातपाय यांचा व्हिडिओ काढा. आम्हाला त्याचा फार उपयोग होतो.

आता कारणांकडे येते. थोड्या मोठ्या मुलांत वारंवार आढळणारं कारण म्हणजे मायग्रेन, आपली अर्धशिशी. तो मोठ्यांचा आजार आहे असं अनेकांना वाटतं. तो शाळकरी मुलांनाही होतो. डोकं दुखायच्या आधी नजरेच्या मधोमध किंवा कडेला एक चमकता ठिपका येतो. तो हळूहळू पसरतो, त्याची कड करवतीच्या दातांसारखी दिसते, आणि पसरताना मागे न दिसणारा भाग सोडत जातो. हे साधारण ५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालतं. नंतर डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड सोसत नाही, आणि उलटी किंवा झोप झाली की मूल उठून खेळायला लागतं. मुलांमध्ये डोकं दोन्ही बाजूंनी किंवा कपाळावर दुखू शकतं, त्यामुळे निदान चुकतं. काही मुलांना वस्तू अचानक खूप लहान, खूप मोठ्या किंवा दूर गेल्यासारख्या दिसतात. "बाबांचं डोकं एवढंसं झालं" असं सांगणारं मूल थापा मारत नसतं.

घरात आई, आजी, मावशी कुणाला अर्धशिशी असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण हा आजार घराण्यात चालतो. डबा न खाता शाळा, रात्रीचं जागरण, उन्हातला सराव, दिवसभर न प्यायलेलं पाणी, यांतून तो उफाळतो. शाळेतल्या मुली स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत, ही गोष्ट मला फार खुपते. वेळेवर जेवण, झोप आणि पाणी यांनीच कित्येक मुलांचे झटके कमी होतात. पण "हे मायग्रेन आहे" हे तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगायचं आहे, विशेषतः पहिल्या वेळी.

कारण मेंदूच्या मागच्या भागातून उठणारी आकडी हुबेहूब अशीच वाटू शकते. तिच्यात मुलाला रंगीत गोळे दिसतात, काही सेकंदांपासून दोन-तीन मिनिटांत सगळं आटोपतं, कधी डोळे एका बाजूला ओढले जातात, कधी उलटी होते, आणि नंतर डोकंही दुखतं. हातपाय आखडले नाहीत म्हणून ही आकडी असेल असं घरच्यांच्या मनातही येत नाही. मायग्रेनमधलं चमकणं मिनिटामिनिटाने पसरतं, आकडीतलं काही सेकंदांतच भरभर येतं. दोन्हींची औषधं वेगळी, म्हणून तुमचं घड्याळ इथं मोलाचं.

परिपाठाला उन्हात उभं असताना डोळ्यांसमोर अंधारी येऊन मूल खाली बसतं, तेव्हा बहुतेकदा रक्तदाब क्षणभर उतरलेला असतो. आडवं करा, पाय उंच करा, सावलीत न्या. लगेच दिसू लागतं. मात्र धावताना, खेळताना अंधारी येत असेल, छातीत धडधडत असेल, किंवा कुटुंबात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर हृदयाची तपासणी व्हायलाच हवी. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला धूसर दिसू लागलं, तर आधी साखर तपासा.

सेकंदभराची आणखी एक गोष्ट आहे, आणि तिची मला सर्वात जास्त काळजी वाटते. मूल बुटाची नाडी बांधायला वाकतं किंवा सकाळी अंथरुणातून उठतं, आणि काही सेकंद सगळं करडं किंवा काळं होऊन जातं. दिवसातून अनेकदा होतं. मुलाला त्याची सवय होते, ते सांगतही नाही. याबरोबर सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, उलट्या, एकाचे दोन दिसणं, डोळा आत वळणं किंवा कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं-सूं असा आवाज येणं यांपैकी काही असेल, तर कवटीच्या आतला दाब वाढलेला असू शकतो. त्या दाबाने डोळ्याच्या मागची नस सुजते. त्यामागे मेंदूतली गाठ असेल, पाणी साचलं असेल, शिरेत रक्ताची गुठळी असेल. काहींत यातलं काहीच सापडत नाही, तरी दाब वाढलेला असतो. वजन वाढलेल्या किशोरवयीन मुलींमध्ये हे जास्त दिसतं. मुरुमांसाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन ही औषधं किंवा अ जीवनसत्त्वाचा अतिरेक यांनीही दाब वाढतो. म्हणून मूल कोणत्या गोळ्या घेतंय, क्रीम लावतंय, पावडर पितंय, हे सगळं सांगा. बाहुली मोठी करून नस पाहिली की ही सूज बहुतेक वेळा दिसते. वेळेवर उपचार झाले तर दृष्टी वाचते, रेंगाळलं तर नस वाळते आणि वाळलेली नस पुन्हा हिरवी होत नाही.

आपल्याकडे एका कारणाचा विचार फारच क्वचित होतो: मूत्रपिंड. घसा दुखून गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी, किंवा खरजेचे फोड पिकून गेल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी, काही मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येते. सकाळी डोळे आणि चेहरा सुजलेला, लघवी कमी आणि कोऱ्या चहाच्या रंगाची. रक्तदाब झपाट्याने चढतो आणि तो मेंदूच्या मागच्या भागालाच आधी त्रास देतो. डोकं दुखतं, उलट्या होतात, दिसेनासं होतं, आकडी येते. मुलाचाही रक्तदाब मोजायचा असतो, हे अनेक घरांना माहीत नसतं, आणि कधी कधी दवाखान्यातही लहान मुलाच्या दंडाला बसेल असा पट्टा नसतो. अशा मुलाला डोळ्यांच्या दवाखान्यात फिरवण्यात वेळ घालवू नका, बालरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या. रक्तदाब काबूत आला की दृष्टी बहुधा काही तासांत ते काही दिवसांत परत येते.

डोक्याला मार लागल्यावरही असं होतं. कट्ट्यावरून पडलं, पाळण्यातून पडलं, चेंडू बसला; वरून फारसं काही दिसत नाही, पण मूल चाचपडायला लागतं. बहुतेकदा मिनिटांत किंवा तासांत दृष्टी येते, पण तेवढ्यावर थांबू नका. डोक्यात रक्तस्राव नाही ना, हे पाहावंच लागतं. मार लागलेला नसतानाही एका गोष्टीची आठवण ठेवा: नंदुरबारमध्ये आणि गडचिरोलीसह विदर्भात अनेक घरांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. त्या मुलांची दृष्टी थोडा वेळ जरी गेली, बोबडी वळली किंवा हात लुळा पडला, तरी तो मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा इशारा समजून तातडीने न्या.

तापानंतर काही तासांत किंवा दिवसांत नजर उतरत जाते, डोळा फिरवताना दुखतो, लाल रंग फिका वाटतो. ही डोळ्याच्या नसेची सूज असते. मुलांमध्ये ती अनेकदा दोन्ही डोळ्यांत एकदम येते. योग्य उपचारांनी बरीच मुलं काही आठवड्यांत चांगली सावरतात. क्षयाच्या उपचारात एथॅम्ब्युटॉल नावाचं औषध असतं, त्याचा क्वचित नसेवर परिणाम होतो. औषध मनाने बंद करू नका. पण दिसण्यात किंवा रंगांत फरक वाटला तर त्याच दिवशी क्षयरोग केंद्रात सांगा.

संध्याकाळी अंगणात खेळणारं मूल अंधार पडताच दारात अडखळतं, ताटातलं चाचपडतं, आणि सकाळी पुन्हा ठीक असतं. हा रातांधळेपणा. अ जीवनसत्त्वाची कमतरता त्यामागे असली, तर डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेनंतर थोड्याच दिवसांत फरक दिसतो. तसंच सोडलं तर बुबुळ कोरडं पडतं, त्यावर फूल पडतं आणि मग ते नुकसान कायमचं होतं. सरकारी कार्यक्रमात ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत या जीवनसत्त्वाचे ९ डोस असतात, पहिला गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर आणि पुढचे दर ६ महिन्यांनी. पहिले दोन डोस लक्षात राहतात, नंतरचे चुकतात. लसीकरणाचं कार्ड आज काढून बघा. शेवग्याचा पाला, मेथी, तांबडा भोपळा, पपई, पिकलेला आंबा, अंडं, दूध हे पानात येऊ द्या. वर मात्रेबाहेरची औषधं मात्र देऊ नका; अतिरेकाचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. आणि जीवनसत्त्व देऊनही रात्रीचं दिसत नसेल, तर ते दृष्टिपटलाच्या जन्मजात आजाराचंही लक्षण असू शकतं.

काही वेळा कारण अगदी हाताशी असतं. चष्म्याचा नंबर काढायला घातलेल्या अॅट्रोपिनमुळे जवळचं धूसर दिसणं आठवडा-दोन आठवडे टिकू शकतं; शाळेला तसं कळवा. गणपतीच्या पत्रीसाठी धोत्र्याची पानं तोडून तोच हात डोळ्याला लागला, तर बाहुली मोठी होते आणि त्या डोळ्याला काही दिवस नीट दिसत नाही. धोत्र्याचं बी पोटात गेलं असेल, तर मात्र तात्काळ रुग्णालय. तासन्‌तास जवळून मोबाइल पाहिल्यावर दूरचं थोडा वेळ धूसर दिसू शकतं, ते डोळ्याचे स्नायू आखडल्याने. पण प्रत्येक तक्रारीचं खापर मोबाइलवर फोडून मोकळे होऊ नका.

आता एका नाजूक गोष्टीबद्दल. विशेषतः ८ ते १४ वर्षांच्या मुलांत, त्यातही मुलींत, असं आढळतं की सगळ्या तपासण्या नीट येतात आणि तरी मुलाला दिसत नाही. फळ्यावरचं वाचता येत नाही, चष्म्याने फरक पडत नाही, पण चालताना ते कुठं आपटत नाही. आमच्याकडे यासाठी खास तपासण्या असतात, त्यांतून डोळे आणि मेंदू दृष्टीचं काम करताहेत हे कळतं. हे ऐकताच घरात शब्द उठतो, "नाटकं करतेय." हा शब्द कृपा करून उच्चारू नका. बहुतेक मुलं हे मुद्दाम करत नसतात. मनावरचा ताण शरीरातून बोलत असतो. नवी शाळा, वर्गातली टिंगल, आईवडिलांची भांडणं, घरातला मृत्यू, परीक्षेची धास्ती. आणि कधी कधी ओळखीतल्याच कुणीतरी केलेला स्पर्श, जो सांगायला मुलाकडे शब्द नसतात. उलटतपासणी नको. शेजारी बसा, वेळ द्या, ऐका. मुलाला कुणी त्रास देत असल्याचं कळलं, तर १०९८ या क्रमांकावर मदत मिळते. "तुझे डोळे चांगले आहेत, हळूहळू दिसायला लागेल" असा धीर दिला की अशी बरीच मुलं काही आठवड्यांत बरी होतात. मात्र हा निष्कर्ष घरी काढायचा नाही. दृष्टिपटलाचे आणि मेंदूचे काही दुर्मीळ आजार सुरुवातीला असेच फसवतात, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झालीच पाहिजे.

याच्या उलटही घडतं. एका डोळ्यात कचरा गेला म्हणून मूल तो झाकतं आणि घाबरून ओरडतं, "दुसऱ्याने दिसतच नाही!" तो डोळा अचानक गेलेला नसतो, तो कित्येक वर्षं आळशी राहिलेला असतो आणि दुसऱ्याने त्याचं काम निभावलेलं असतं. सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर सर्वात चांगला गुण येतो. म्हणून मूल बोलकं झालं, की खेळता खेळता एकेक डोळा झाकून बघत जा. फ्लॅशने काढलेल्या फोटोत एक बाहुली पांढरी चमकत असेल, तर उद्यावर ढकलू नका. डोळ्यातल्या गाठीची ती खूण असू शकते.

डोळ्यांत मध, गुलाबपाणी, अंगावरचं दूध, काजळ, किंवा शेजारच्या मुलाचे उरलेले थेंब घालू नका. खाज सुटते म्हणून दुकानातून आणलेल्या थेंबांत अनेकदा स्टेरॉइड असतं. ते महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो. चुन्याची पुडी फुटून डोळ्यात उडाली, तर मात्र कुणाची वाट न बघता तिथंच स्वच्छ पाण्याने किमान अर्धा तास धूत राहा, चुन्याचे कण काढा आणि मग धावा.

दिसेनासं झालेलं परत आलं नसेल. एकाच डोळ्याचं गेलं असेल. डोळा लाल किंवा दुखरा असेल. मार लागला असेल. आकडी, झापड, ताठ मान, वाकडं तोंड, अडखळती जीभ यांतलं काही असेल. तर १०८ ला फोन करा किंवा असेल त्या वाहनाने निघा. यांतलं काहीच नसेल आणि मूल हसत-खेळत असेल, तरी एक-दोन दिवसांत दाखवा.

आणि दवाखान्यात "आता तर दिसतंय ना, मग काही नाही" असं ऐकायला मिळालं, तर शांतपणे दोन गोष्टी विचारा: बाहुली मोठी करून मागची नस पाहिली का? मुलाचा रक्तदाब मोजला का? हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. तुम्ही त्या मुलाचे आईवडील आहात, तो तुमचा हक्क आहे. संकोच करू नका.